‘घरी कुणी लक्ष देत नाही’ : भावी शिक्षकांची कारणयादी आणि तिचं करायचं काय?

टाचणवही (धागाकर्ता)

डी.एल.एड., बी.एड.ला शिकवणाऱ्यांसाठी आणि तिथे शिकणाऱ्यांसाठी हा धागा. मूल शाळेत मागे का पडतं, याबद्दल उद्याच्या शिक्षकांची समजूत काय असते आणि दोन वर्षांत ती हलते का, एवढाच विषय.

‘मुले अभ्यासात मागे राहण्याची पाच कारणे लिहा’ हा प्रश्न कुठल्याही अध्यापक विद्यालयात टाका, उत्तरं कागद गोळा करायच्या आधी सांगता येतात. पालक अशिक्षित. गरिबी. घरचं वातावरण. मुलाला आवड नाही. मोबाईल. फार तर मोबाईलच्या जागी, पाचव्या ओळीत ‘शिक्षकाने योग्य पद्धत न वापरणे’, आणि ती ओळ परीक्षेत गुण मिळतात म्हणून. ‘त्या मुलाला दशक सुट्टा करणं म्हणजे काय ते कळलेलं नाही’ असं आशयातलं कारण जवळपास नसतंच.

ही यादी खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. ती वर्गात हातात धरता येत नाही, ही तिची अडचण. वडिलांचं शिक्षण उद्या सकाळी अकराच्या तासाला बदलत नाही.

म्हणून आंतरवासितेआधी (म्हणजे शाळेत जाऊन करायच्या प्रत्यक्ष सरावाआधी) आणि नंतर, दोनदा, मत विचारण्याऐवजी खालील काम द्यावं. साहित्य: पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या, माणशी तीन, पाच खोकी, एक कार्ड.

कार्ड असं:
*सागर, इयत्ता तिसरी. वडील वीटभट्टीवर, आई मजुरी करते. शाळेत अनियमित. वजाबाकीची दहापैकी सात गणितं चुकली. नमुना: ५२ − २७ = ३५.*

निम्म्या वर्गाला हेच कार्ड, फक्त ‘वडील बँकेत, आई शिक्षिका’ असं. दोन प्रकारची कार्डं आहेत हे आधी सांगायचं नाही.

एका चिठ्ठीवर एकच कारण. त्याखाली दोन ओळी: ‘हे कशावरून म्हणता?’ आणि ‘उद्या पहिल्या तासाला काय कराल?’

मग चिठ्ठ्या पाच खोक्यांत: मूल, घर, शिकवणं, शाळा व व्यवस्था, आशय व भाषा. चाळीस जणांच्या १२० चिठ्ठ्या वाटायला वीसेक मिनिटं लागतात. त्यानंतर दुसरी चाळण: ‘कशावरून?’पुढे कार्डातलीच माहिती परत लिहिली आहे, की काही नवं शोधायचं सुचवलं आहे? खरी गंमत तिथे आहे. ‘घर’ खोक्यातल्या चिठ्ठ्यांवर उद्याच्या तासाची ओळ बहुधा ‘पालकांना बोलावून समजावीन’ अशी असते. बँकवाल्या कार्डावर तेच ३५ उत्तर ‘घाईत चूक झाली’, ‘सराव हवा’ होऊन जातं.

सुधारणा सुचवा.

---

मधली_सुट्टी

चांगला धागा. थोडी सैद्धांतिक भर, कारण पाठ्यक्रमात हा भाग दोन ओळींत उरकतात.

यश-अपयशाला माणूस कोणतं कारण चिकटवतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वायनर यांनी १९७०च्या दशकात केली. आपण त्याला कारणारोपण म्हणू. ते कारणांना तीन प्रश्न विचारतात: कारण माणसाच्या आत आहे की बाहेर? टिकाऊ आहे की बदलतं? कुणाच्या ताब्यातलं आहे का? ‘डोकंच नाही’ हे आतलं, टिकाऊ, ताब्याबाहेरचं. ‘मेहनत केली नाही’ हे आतलंच, पण बदलणारं आणि ताब्यातलं. ‘पेपर अवघड’ बाहेरचं. ‘नशीब’ बाहेरचं आणि बदलतं.

भावी शिक्षकांच्या यादीत ‘घरचं वातावरण’ मुलाच्या बाहेरचं, म्हणून ऐकायला उदार वाटतं. पण टिकाऊ आणि ताब्याबाहेरचं या दोन घरांत ते ‘डोकंच नाही’च्या शेजारीच बसतं. परिणाम सारखाच, शिक्षकाच्या हाताला काही लागत नाही. हे फळ्यावर तीन स्तंभ आखून दाखवलं तर पटकन कळतं.

दुसरं म्हणजे भावना. कारण ‘आळस’ मानलं की शिक्षकाला राग येतो. कारण ‘कुवत नाही’ मानलं की कीव येते. १९८४ मध्ये सँड्रा ग्रॅहॅम यांनी अमेरिकेत सहावीच्या मुलांवर प्रयोग केला. अपयशानंतर ज्यांना सहानुभूती दाखवली, त्या मुलांनी ‘आपल्यात कुवत कमी’ असं कारण जास्त धरलं. रागाची प्रतिक्रिया मिळालेल्यांनी ‘मेहनत कमी पडली’ असं. याचा अर्थ रागवा असा कृपया काढू नका. ‘असू दे रे बाळा, तुला नाही जमणार, तू चित्र काढ’ हे वाक्य मुलापर्यंत काय घेऊन जातं ते पाहा. सोप्या गणिताला वारेमाप शाबासकी, न मागता केलेली मदत, हेही त्याच पंगतीत. सराव पाठाच्या निरीक्षण तक्त्यात ‘विद्यार्थ्यांना प्रोत्साहन दिले’ असा रकाना असतो, तिथे या तिन्हींना पैकीच्या पैकी गुण मिळतात.

---

वऱ्हाडी_ठेचा

दोन कार्डांची कल्पना आवडली. पण वीस-वीस जणांवर हे संशोधन होत नाही. टक्केवारी काढून अहवाल करायच्या भानगडीत पडू नका. चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या की काम झालं.

याच धर्तीचा खरा प्रयोग भारतात झालेला आहे. रेमा हॅना आणि ली लिंडन यांचा, २०१२ साली प्रसिद्ध झालेला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर वय, लिंग आणि जात, चिठ्ठ्या टाकून ठरवावी तशी, नेमून दिली आणि शिक्षकांकडून तपासून घेतल्या. ‘खालच्या’ मानलेल्या जातीचं नाव असलेल्या पत्रिकेला किंचित कमी गुण पडले: प्रमाण विचलनाच्या (गुण किती पसरलेले आहेत याच्या मापाच्या) ०.०३ ते ०.०८ इतके. आकडा लहान आहे, पण पत्रिका तीच होती. दोन गोष्टी भावी शिक्षकांना मुद्दाम सांगाव्यात. हा फरक त्याच जातगटातल्या तपासनिसांकडून आला, म्हणजे ‘मी त्याच समाजातून आलोय, माझ्याकडून होणार नाही’ हा भरवसा पुरेसा नाही. आणि गठ्ठ्याच्या सुरुवातीच्या पत्रिकांत तो जास्त होता, जेव्हा तपासणाऱ्याचा अंदाज बसलेला नसतो.

यातून निघणारी सवय फुकटची आहे. पहिल्या पाच-सहा पत्रिका पेन्सिलने तपासा, गठ्ठा संपल्यावर परत बघा. नाव झाकायला पान दुमडा. एक प्रश्न सगळ्या पत्रिकांत तपासून मगच दुसऱ्या प्रश्नावर जा.

आता भाषा. इकडे मूल ‘मला’ छापलेलं असताना ‘मले’ वाचतं. वाचन चाचणीत ती चूक धरली जाते. पण ज्याने अक्षर सोडवून, अर्थ लावून, स्वतःच्या बोलीत उच्चारलं त्याला वाचता येत नाही म्हणायचं? उलट एखादं मूल ‘वर्ग’ला ‘वगर’ वाचतं. ही खरी वाचनातली अडचण: रफार लिहितो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, उच्चारतो त्याच्या आधी. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे आणि उच्चार नंतर, तेही तसंच. घ-ध, भ-म, प-ष हा तिसरा प्रकार, आकारसाम्याचा. तीन चुका, तीन वेगळी कारणं, आणि नोंदवहीत तिघांपुढेही ‘वाचनात सुधारणा आवश्यक’. गोंडी, कोरकू घरच्या मुलाचं तर आणखी वेगळं. त्याच्यासाठी पुस्तकातली मराठी ही दुसरी भाषाच आहे, आणि त्याचं गप्प बसणं ‘बुजरा’ म्हणून खपवलं जातं.

---

गोदाकाठ

कार्डातला ‘अनियमित’ शब्द काढा. तो निष्कर्ष आहे, माहिती नाही. त्याजागी हजेरीपटाची झेरॉक्स लावा.

हजेरीपट वाचायला शिकवणं हा डी.एल.एड.चा स्वतंत्र तास असायला हवा. आत्ता विद्यार्थी महिनाअखेरची सरासरी काढायला शिकतात, आणि ती तर कारकुनी झाली. गैरहजेरीचे आकार बघायचे असतात. दर आठवड्याला एकच वार गळत असेल तर बाजाराचा दिवस, किंवा धाकट्या भावंडाला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न. तीन-चार दिवसांचे तुकडे वरचेवर असतील तर आजारपण तपासा. दिवाळीपासून थेट मार्चपर्यंत कोरा पट्टा असेल तर स्थलांतर. बीड, अहिल्यानगर, धाराशिवकडे ऊसतोड, पालघर-ठाण्याकडे वीटभट्टी. मधल्या सुट्टीनंतर गळणारी मुलं सकाळच्या हजेरीत दिसतच नाहीत, त्यासाठी दुपारी डोकी मोजा.

पुढची पायरी कुणी करत नाही: त्याच तारखा वार्षिक नियोजनावर ठेवा. त्या दिवसांत कुठला घटक झाला? समजा मूल नोव्हेंबरात गेलं आणि हातच्याची वजाबाकी डिसेंबरात झाली. त्याला वजाबाकी ‘येत नाही’ म्हणायचं की त्याला ती कुणी शिकवलीच नाही म्हणायचं? पहिलं वाक्य ‘मूल’ खोक्यात जातं, दुसरं ‘शाळा व व्यवस्था’त. आणि उपायही निराळा. पहिल्यात उपचारात्मक वर्ग, दुसऱ्यात तो घटक पहिल्यापासून, इतरांना शिकवला तसाच.

ऊसतोडीच्या कुटुंबांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, म्हणजे आईबाप तोडीला गेले तरी मूल गावातच राहून शिकेल. जाणाऱ्या मुलासोबत शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं, म्हणजे तिकडच्या शाळेला त्याची इयत्ता आणि पातळी कळावी. आंतरवासितेत भावी शिक्षकाने ते पत्रक एकदा स्वतः भरून बघावं. ‘पातळी’च्या जागी काय लिहायचं यावर पेन थांबतं, तिथूनच अभ्यास सुरू होतो. कारखाना कर्नाटकातला असेल तर पुढची शाळा कन्नड माध्यमाची, हेही धरा.

---

शेवटचा_बाक

मी दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून थेट प्रश्न. आम्हाला आंतरवासितेत एका मुलाचा व्यक्ती अभ्यास करावा लागतो. छापील नमुन्यात क्रम असा: नाव, जात-प्रवर्ग, वडिलांचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, घरातली माणसं, घर कच्चं की पक्कं, आरोग्य, मग ‘समस्या’, ‘कारणे’, ‘उपाय’. कारणांना चार ओळी. उपायांना तीन. यात वही कुठे बसवायची?

---

टाचणवही

@शेवटचा_बाक, दुखण्यावर बोट ठेवलंत. नमुन्याचा क्रमच कारण ठरवतो. सहा रकाने घराबद्दल भरल्यावर ‘कारणे’त कुणीही घरच लिहील. आणि उत्पन्न-जात विचारून झाल्यावर ते मूलही वेगळं वागू लागतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना कागदावरची वाट शोधायची कोडी दिली होती. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी सारखी. वर्गात जात मोठ्याने सांगितल्यावर ‘खालच्या’ मानलेल्या गटाची घसरली.

नमुना बदलायची परवानगी नसेल तर भरण्याचा क्रम तरी बदला. छापील फॉर्म शेवटच्या दिवशी भरायचा. त्याआधी आठ दिवसांत:

पहिले दोन दिवस फक्त वह्या. किमान पंचवीस चुका उतरवून घ्या, मूळ गणित किंवा वाक्यासकट. ‘बरोबर’ची खूण असलेल्या चुकाही घ्या, त्या निघतात.

तिसऱ्या दिवशी मुलाला शेजारी बसवून चार गणितं मोठ्याने बोलत करायला सांगा. तुम्ही गप्प. ‘हं, पुढे?’ याखेरीज शब्द नाही. इथे बहुतेकांचा संयम सुटतो आणि दुसऱ्याच मिनिटाला शिकवायला सुरुवात होते. सुरुवात झाली की पुरावा गेला.

चौथ्या दिवशी वाचन. मुलांना वाचता येतं का ते बघणाऱ्या ‘असर’ पाहणीचं साधन चालेल: आधी पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, तो सलग वाक्यासारखा आणि जास्तीत जास्त तीन चुकांत वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही जमला तर शब्द, त्यात पाचपैकी चार बरोबर यायला हवेत, तेही नाही तर अक्षरं. इयत्ता विसरून जायची.

पाचवा दिवस हजेरीपट, गोदाकाठ यांनी सांगितलं तसा. सहावा आणि सातवा वर्गात मागे बसून: त्या मुलाला दिवसात किती वेळा प्रश्न विचारला गेला, उत्तराला किती सेकंद दिले, वही किती वेळा तपासली. नुसत्या रेघा मारा.

आठव्या दिवशी घर, तेही ‘लक्ष का देत नाही?’ विचारायला नव्हे. संध्याकाळी सहा ते नऊ मूल काय करतं, दिवा कुठे आहे, धाकट्यांना कोण बघतं. पालकांना आस्थाच नाही ही समजूत १९९९च्या ‘प्रोब’ या शालेय शिक्षणाच्या पाहणी अहवालानेच खोडून काढली होती. उत्तरेतल्या राज्यांत गरीब आईबापांनाही मुलांनी शिकावं अशी जोरकस इच्छा असल्याचं त्यात दिसलं. ‘आस्था नाही’ आणि ‘वेळ नाही, वाचता येत नाही’ या निराळ्या गोष्टी.

---

आकडेमोड

आता कार्डातल्या गणिताकडे. ५२ − २७ हे उदाहरण या कामाला कुचकामी आहे. सांगतो.

उत्तर ३५ दोन वाटांनी येतं. पहिली वाट: मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतं. ७ मधून २ गेले ५, ५ मधून २ गेले ३. दुसरी वाट: मूल दशक घेतं, १२ मधून ७ गेले ५, पण घेतलेला दशक डावीकडे कमी करायला विसरतं, ५ मधून २ गेले ३. पहिल्याला हातचा ही कल्पनाच नाही. दुसऱ्याला ती आहे, लिहिण्याची एक पायरी गळते. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडवून द्यावे लागतील, दुसऱ्याला वरच्या ओळीत खाडाखोड करून नवा अंक लिहायची सवय लावली की बहुतेक भागतं. पत्रिका बघून हे दोघे वेगळे ओळखू येत नाहीत.

एककाच्या अंकांत ५ चा फरक असला की असं होतं, कारण ७ − २ ही ५ आणि १२ − ७ ही ५. नैदानिक चाचणीत (नेमकं कुठे अडतं ते शोधणाऱ्या) तसा फरक टाळायचा. ६१ − २८ घ्या. बरोबर उत्तर ३३. पहिल्या वाटेने ४७, दुसऱ्या वाटेने ४३. लगेच वेगळे. सोबत ५० − २७ द्या: बरोबर २३, पहिल्या वाटेने ३७, दुसऱ्या वाटेने ३३, आणि ‘शून्यातून सात जात नाहीत म्हणून शून्य’ लिहिणाऱ्याचे ३०. एक हातच्याशिवायचं, ६८ − २५, ठेवाच. ते चुकलं तर मामला आणखी मागचा आहे. मोठ्यांसाठी ३०२ − १४५, मधल्या शून्यावरून दशक कसा आणतात ते पाहायला. एका प्रकारची किमान तीन गणितं हवीत. एकदा चुकली ती चूक, तीनदा त्याच वाटेने चुकली तर तो त्या मुलाचा नियम.

माझ्या मते भावी शिक्षकाने समजून घ्यायची हीच मोठी गोष्ट. चुकणारं मूल बहुतेक वेळा बिननियमाचं नसतं, ते चुकीचा नियम इमानेइतबारे पाळत असतं. ‘लक्ष नाही’ म्हणाल तर इतक्या शिस्तीत दहापैकी सात कशी चुकतील?

आणखी एक, आपल्या मराठीचीच करामत. ‘त्रेसष्ट’ ऐकलं की कानावर आधी तीन येतात, मूल ३६ लिहितं. ‘एकोणऐंशी’त ऐंशी ऐकू येतं, ८९ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘साठ तीन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पद्धत पटो न पटो, तिच्यामागचं निदान बरोबर होतं. दहा संख्यांचं श्रुतलेखन घ्या: ३६, ६३, २९, ३९, ४९, ७९, ५२, २५, ८४, ४८. उलटापालट आणि एकोण, दोन्ही एका झटक्यात दिसतात. मग कळतं की गणित वहीत उतरवतानाच चुकलं होतं, वजाबाकी बरोबर होती.

---

गोदाकाठ

@आकडेमोड, कडक. वाचनखूण साठवली.

पण एक सावधगिरी. ‘सगळं वहीत सापडतं’ असं ठरवलं की दुसरं टोक येतं. मग केंद्रप्रमुखापासून वरपर्यंत सगळे म्हणायला मोकळे: मूल शिकलं नाही ना, मग शिक्षकाचंच चुकलं. हेही कारणारोपणच, फक्त खुर्ची बदलली.

हिशेब बघा. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास. पट ६० पर्यंत असेल तर शिक्षक दोन. वर्ग पाच. प्रत्येक वर्गाला वेगळं शिकवायचं म्हटलं तर ८०० पैकी ३२० तास वाट्याला येतात, दिवसाला सरासरी एक तास छत्तीस मिनिटं, सगळे विषय धरून. एक शिक्षक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की निम्मे. बाकीचा वेळ मुलं फळ्यावरचं उतरवून काढतात. आंतरवासितेच्या शाळेत पाच वर्गांना पाच शिक्षक पाहून आलेला विद्यार्थी द्विशिक्षकी शाळेत रुजू झाला, की दोन महिन्यांत पुन्हा ‘पालक अशिक्षित’वर येतो. ज्याच्या हाताशी वेळ नसतो, त्याला टिकाऊ कारणं सोयीची पडतात.

---

मधली_सुट्टी

सहमत, आणि याला जुना आधारही आहे. १९७४ मध्ये रॉस, बिअरब्रॉअर आणि पॉली यांनी पाहिलं होतं की व्यावसायिक शिक्षक अपयशाची जबाबदारी नवख्यांपेक्षा जास्त स्वतःकडे घेतात. म्हणजे अनुभवी शिक्षक नेहमी मुलावरच ढकलतो, हे सरसकट खरं नाही. तेव्हा प्रशिक्षकांनी ‘स्वतःला दोष द्या’ हा नवा मंत्र देऊ नये. एका व्याख्यानानंतर हुशार विद्यार्थी तिन्ही चिठ्ठ्यांवर ‘शिक्षक’ लिहितात, कारण सरांना तेच हवंय हे त्यांना कळलेलं असतं. दुसऱ्या फेरीत खोक्यांची संख्या मोजून ‘बदल झाला’ म्हणणं म्हणूनच फसवं. ‘कशावरून?’ची ओळ मोजा. तिथे वहीचं पान, तारीख, मुलाचं तोंडचं वाक्य आलं का?

अपेक्षांच्या परिणामाबद्दलही तारतम्य हवं. १९६८चा रोझेंथाल-जेकबसन प्रयोग प्रत्येक पुस्तकात ‘शिक्षकाने अपेक्षा ठेवली की मूल फुलतं’ असा येतो. मूळ निकालात तो परिणाम पहिली-दुसरीतच ठळक होता, वरच्या वर्गांत जवळपास नव्हता, आणि त्यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. अपेक्षा म्हणजे मंत्र नव्हे. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याला जास्त प्रश्न विचारले जातात, जास्त थांबलं जातं. त्या रेघा मोजायला टाचणवही यांनी सांगितलंच आहे.

---

शेवटचा_बाक

आणि मार्गदर्शक शिक्षकच म्हणाले, ‘तो ढ आहे, त्याला सोडा, बाकीच्यांवर पाठ घ्या’, तर? गुण त्यांच्याच हातात असतात.

---

वऱ्हाडी_ठेचा

वाद घालू नका. ‘सर, व्यक्ती अभ्यासासाठी तोच मुलगा घेऊ का?’ एवढं विचारा. कुणी नाही म्हणत नाही. आठव्या दिवशी त्यांना निष्कर्ष सांगू नका, चुकांचं पान दाखवा: ‘सर, हा सगळीकडे मोठ्यातून लहान वजा करतोय.’ अनुभवी माणूस ते बघून लगेच ओळखतो. बऱ्याचदा पुढचा उपायही तेच सुचवतात, आणि तो आपल्यापेक्षा चांगला असतो.

‘ढ’ हा शब्द मात्र अहवालात नको, ‘अप्रगत’ही नको. ‘६१ − २८ या प्रकारात एककाच्या घरात मोठ्यातून लहान वजा करतो’ असं लिहा. लांब आहे, पण वाचणाऱ्याला काय करायचं ते कळतं.

एकच अपवाद लक्षात ठेवा. चुकीला नियमच सापडत नसेल, तेच अक्षर आज येतं उद्या जात असेल, तोंडी हुशार आणि लेखी कोरा असा मोठा फरक असेल, तर आधी नजर आणि ऐकू येणं तपासून घ्या. नंतर अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी रीतसर पाठवा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती स्वतंत्र नोंदलेली आहे. ‘डिस्लेक्सिया असेल’ असं स्वतः ठरवून वर्गात बोलायचं नाही. तेही एक टिकाऊ लेबल.

---

गोदाकाठ

पाचवी-आठवीच्या परीक्षेचा मुद्दा राहिला. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने ना-नापास धोरण सैल केलं, राज्याने २०२३ मध्ये नियम बदलले. निकालानंतर दोन महिन्यांत पुनर्परीक्षा, त्याआधी जादा मार्गदर्शन. ते दोन महिने म्हणजे बरीचशी उन्हाळी सुट्टी. पाचवीत नापास झालेल्याला त्या काळात पाचवीचाच अभ्यासक्रम पुन्हा वाचून दाखवला तर काही होणार नाही, कारण त्याचं अडलेलं तिसरीच्या दशकात किंवा दुसरीच्या जोडाक्षरात असतं. नव्या शिक्षकाला पहिल्याच वर्षी हे काम येण्याची शक्यता दाट. आकडेमोड यांची चाचणी तिथे लागेल.

---

टाचणवही

सगळ्यांचे आभार. ५२ − २७ची चूक माझीच, मान्य. कार्ड बदललं आहे, मूळ लेखात जुनं तसंच ठेवते, म्हणजे प्रतिसाद समजतील. नवीन:

*सागर, इयत्ता तिसरी.*
*हजेरी: जून ते ऑक्टोबर फक्त सोमवारी अधूनमधून गैरहजर. २१ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर सलग गैरहजर. (वर्गात हातच्याची वजाबाकी: २४ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर.)*
*वही: ६८ − २५ = ४३, ६१ − २८ = ४७, ५० − २७ = ३७, ८४ − ३६ = ५२, ७३ − ४९ = ३६.*
*श्रुतलेखन: त्रेसष्ट → ६३, एकोणऐंशी → ८९, एकोणपन्नास → ५९.*
*वाचन: परिच्छेद सलग, दोन चुका.*

घराची माहिती वेगळ्या बंद पाकिटात. चिठ्ठ्या लिहून झाल्यावर ज्याला हवं त्याने पाकीट मागायचं, आणि मागताना ‘त्यातून मला नेमकं काय कळायला हवं?’ हे एका ओळीत लिहून द्यायचं. सोमवारच्या गैरहजेरीचं कारण कदाचित तिथेच असेल. पाकिटं दोन प्रकारची, आधीसारखीच.

---

आकडेमोड

८४ − ३६ मध्ये पहिल्या वाटेने ५२, बरोबर. ७३ − ४९ चे ३६, हेही बरोबर. श्रुतलेखनात एकोणचे दोन ठेवलेत, उलटापालट नाही, तेही चांगलं: चिठ्ठीत कुणी ‘संख्यावाचन कच्चं’ असं मोघम लिहिलं तर ‘कुठलं?’ असं विचारता येईल. फक्त पाचही गणितं उभ्या मांडणीत, सागरच्या अक्षरात आहेत असं वाटू द्या. आडव्या छापील ओळीत पाहिलं की विद्यार्थी उत्तर तपासतात, कृती बघत नाहीत.